वायसनमामाची झोप

वायसनमामानं मरायला नेमकी तीच सकाळ निवडली. आदल्या संध्याकाळी सबसिडीच्या खताचा ट्रक बाजारातल्या गोदामावर रिकामा झाला होता. शेतातला मका पिवळा पडत चालला होता आणि बाजारभावानं खत घेण्याची ऐपत गावात कुणाचीच नव्हती. पण गावात मयत असलं की त्याला पुरेपर्यंत कुणी शेतात कुदळ उचलायची नाही, गोदामाकडे फिरकायचं नाही. मलावीत हा रिवाज मोडणाऱ्याच्या स्वतःच्या मयताला मग कुत्रंही येत नाही.

फालेसीनं मामाचे डोळे मिटले. आईवेगळ्या पोरीला त्यानंच वाढवलं होतं. आता मोठ्यानं हंबरडा फोडायचा, एवढ्यात मुखिया चिसाले अंगणात हजर.

"काय पोरी, मामा कसाय?"

"गेला, बाबा."

"तसं नाही गं. मी विचारतोय, कसाय?"

त्याच्या सायकलीच्या कॅरिअरला पोती बांधायच्या दोऱ्या लोंबत होत्या. फालेसीनं त्या पाहिल्या, आणि तिला स्वतःचा मकाही आठवला.

"झोपलाय," ती म्हणाली.

"झोपू दे बिचाऱ्याला. आणि रस्त्यावर डहाळ्या नको हं टाकूस. येणाऱ्या-जाणाऱ्याला उगाच वाटायचं, मयत आहे."

तासाभरात सगळ्या गावाला कळलं की मामा झोपलाय. बायका डोळे पुसत यायच्या आणि दारातून ओरडायच्या, "मामा, आराम करा हो!" शेजारची डोरिका तर गोदामाच्या रांगेत फालेसीच्या खांद्यावर हात ठेवून पुटपुटली, "फार शांत झोप लागली म्हणे. भाग्यवान!" फालेसीनं ओठ चावून धरले. रडली असती तर गावाचं खत बुडालं असतं, आणि ते गावानं जन्मभर ऐकवलं असतं.

गोदामातलं यंत्र ओळखपत्र वाचून मगच पोतं सोडायचं, आणि त्याला नेटवर्क लागायचं. दिवसभर ते आलंच नाही. कारकुनानं संध्याकाळी कुलूप लावलं. "उद्या या. ज्याचं ओळखपत्र, त्यानं स्वतः यायचं."

म्हणजे मामाला आणखी एक दिवस झोपणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन असं पेटलं की फालेसीला राहवेना. मामावरची चादर ओली करायला ती धावत घरी गेली. पाणी शिंपडताना "माफ कर रे मामा, एवढं एक पोतं," असं म्हणाली आणि तशीच परत फिरली. तोवर रांगेतली तिची जागा गेली होती. डोरिकानं तर ओळखच दाखवली नाही.

ती शेपटाला उभी राहिली आणि नेटवर्क आलं. भराभर पोती निघाली. भावकीनं आपापली घेतली, मुखियानं आपली घेतली, दोऱ्या आवळल्या. डोरिकाचं पोतं डोक्यावर चढलं. आता फक्त फालेसी उरली होती. तिनं ओळखपत्र पुढे सरकवलं.

तेवढ्यात मुखियानं टोपी काढली आणि गळा काढला. "वायसन गेला रे! आपला वायसन गेला!"

अख्खी रांग पोत्यांसकट रडायला लागली. कारकूनही याच मुलखातला. त्यानंही टोपी काढली आणि शटरला हात घातला.

"साहेब, माझं एक राहिलंय!" फालेसी ओरडली.

सगळ्यांचं रडणं थांबलं. मुखियानं तिच्याकडे पाहिलं.

"मामा मेलाय तुझा. दोन दिवस मढं घरात पडलंय, आणि तुला खत सुचतंय? काही लाजलज्जा?"

"मयताच्या गावाला मी विकत नसतो, बाई," कारकून हळहळत म्हणाला. "आणि उरलेला माल उद्या पुढच्या केंद्रावर जातोय."

शटर खाली आलं. फालेसी तिथंच धुळीत बसली, आणि तिनं असा टाहो फोडला की सायकलीवर टांग टाकलेला मुखियासुद्धा दचकला.

डोरिकानं डोक्यावरचं पोतं सावरत तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"रड बाई, मोकळी हो," ती म्हणाली. "मामावर जीवच होता गं तुझा."