पाळ नसलेलं पाणी

थांबा, जरा ऐका. चालत्या गाडीतून कुठं बोलणं होतं का? तुम्हा लोकांची एक खोड मला मुळीच पटत नाही. वाघ पाहायला म्हणून नागभीडवरून गाडी पळवत जाता, वाटेत आमच्या गावचा तलाव लागतो, काच खाली करून फोटो काढता आणि चालते होता. पाळीवर एक माणूस बसलेला असतो, डोक्याला दुपट्टा, हातात काडी. तुमच्या फोटोत तो येतोसुद्धा. पण त्याला साधा रामराम कोणी घालत नाही.

तो आमचा बिसनभाऊ. माझ्या भिंतीला भिंत लागून राहतो.

बिसनभाऊला पाणी दिसलं की तो काठावर काडी रोवतो. पाणी चढून राह्यलं का उतरून राह्यलं, ते कळावं म्हणून. तलावाचं मी समजू शकते. मासेमारीचं घर त्याचं, आणि पावसाळ्यात पाळ राखायचं काम गावानं त्याच्याच गळ्यात घातलेलं. पण हा माणूस लग्नघरी पाण्याच्या टाकीवरसुद्धा कोळशानं रेघ मारून ठेवतो. मी चहा दिला तर पिण्याआधी कपात वाकून पाहतो आणि म्हणतो, "बाई, काठोकाठ भरत नोको जाऊ. पान्याले वरून चार बोटं जागा पाह्यजे."

चार बोटं! बादली असो, रांजण असो, वरणाचं गंज असो, वरून चार बोटं. त्याची बायको गिरजा म्हणते, "मायं सारं आयुष्य चार बोटं कमीच जेवण्यात गेलं, बाई."

हसू नका. आमच्याकडे तलाव म्हणजे एका बाजूला मातीची लांब पाळ आणि तिच्यामागं अडवलेलं पाणी. पाळीच्या खाली आमचं धान आणि धानाच्या खाली आमची घरं. पाळ फोडतो कोण? खेकडा. बोटभर बीळ करतो, त्यातून पाणी झिरपतं आणि झिरपता झिरपता भगदाड पडतं. म्हणून बिसनभाऊ पावसाळाभर पाळीवरून फिरतो, दिसेल ते बीळ चिखलानं बुजवतो, टाचेनं दाबतो. पाणी चढलं की पत्र्याचा पिपा बडवतो, आणि मग सारा गाव हातातलं काम टाकून फावडी-घमेली घेऊन धावतो. त्यानं पिपा उगाच बडवला, असं आमच्या गावात कोणी म्हणणार नाही.

तर अशा माणसाला आम्ही समुद्रावर नेलं.

कारण गिरजा. तिच्या पोटात गोळा निघाला. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, काढावा लागेल, काढल्यावर तपासू, तेव्हाच कळेल कसला आहे ते.  गिरजानं विचारलं, "डॉक्टरसाहेब, आधी समुद्र पाहून आली तर चालंन का?" डॉक्टर हसले. म्हणाले, या जाऊन, पण ठरल्या तारखेला हजर व्हा, उशीर अजिबात नको.

जन्मभर तलावाच्या काठी राहिलेली बाई, तिला समुद्रच का पाहायचा होता, मी विचारलं नाही. पोट फाडायच्या आधी माणसानं काय मागावं, हे दुसऱ्यानं कशाला ठरवायचं?

नागभीडवरून गोंदिया आणि तिथून जगन्नाथपुरीची गाडी. मी, गिरजा आणि बिसनभाऊ. सोबत त्यानं जाळ्याची दोरी घेतलेली. "ते काऊन?" मी विचारलं. "असू दे," म्हणाला. हॉटेल माझ्या पुतण्यानं मोबाईलवर ठरवून दिलेलं, स्वस्तातलं, पण अगदी समुद्रासमोर. खिडकीची कडी खाऱ्या हवेनं खाल्लेली, चादरीत वाळू, नळाला पाणी आलं तर आलं. दार उघडलं की रस्ता, रस्त्यापलीकडे वाळू आणि वाळूपलीकडे तो.

बिसनभाऊ दारातच थबकला. बराच वेळ डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, याची पाळ कुठी हाये?"

"समुद्राले पाळ नसते, भाऊ."

"मंग हे पानी थांबलं कशानं?"

 मी म्हटलं, "टीव्हीत पाहिला नव्हता का तुम्ही?"

"टीव्हीत काचेच्या आतमधी असते."

गिरजानं पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. लहान पोरीसारखी डोळे मोठे करून ती पाहत होती. आणि हा तिच्या पुढ्यात आडवा उभा. "आता नाई. आधी मी पाहून येतो." गेला, पाण्याच्या काठावर काडी रोवली, दहा पावलं मागं सरकला. लाट आली, काडी गेली. दुसरी रोवली, तीही गेली. परत आला तेव्हा तोंड उतरलेलं. "या पान्याचा भरोसा नाई. चार बोटं का, एक बोट जागा नाई ठेवली कोनं."

त्यात त्याला वाळूतली बिळं दिसली. पुरीच्या वाळूत खेकडेच खेकडे, लाल, डोळे वर काढून पळणारे. झालं! दुपारपर्यंत बिसनभाऊ ओली वाळू भरभरून बिळं बुजवत होता आणि टाचेनं दाबत होता. एक बुजवलं की शेजारी दुसरं. उंटवाला उंट थांबवून पाहायला लागला. गिरजा खोलीच्या पायरीवरून ओरडली, "अजी, या ना आता! कोन्या कोन्या गावचे खेकडे मारसान?" हा तिथूनच, "तू आतमधी बस! पाय पायरीखाली नोको ठेवू!"

म्हणजे समुद्र पाहायला आलेली बाई पायरीवर आणि समुद्राला घाबरलेला माणूस समुद्राच्या काठावर.

जेवणं झाल्यावर आम्ही जरा आडव्या झालो. डोळा लागतो न लागतो तोच ठण् ठण् ठण्! हॉटेलच्या व्हरांड्यात बिसनभाऊ हॉटेलचंच ताट चमच्यानं बडवत पळतोय. "उठा! पानी चढलं! घमेले काढा! बायामानसं गच्चीवर!"

दारं उघडली. कलकत्त्याकडचं एक कुटुंब टॉवेल-गाऊनमध्ये बाहेर आलं, तोंडाला फेस लावलेला एक जण हातात ब्रश घेऊन आला. मॅनेजर, वाळकासा भला माणूस, काउंटरवरून धावला. "क्या हुआ चाचा? आग लगा क्या?"

"आग नाई! तुमचा समुद्र येऊन राह्यला!"

मॅनेजरनं बाहेर पाहिलं. भरती होती. पाणी वाळूवर बरंच वर आलं होतं, इतकंच. "चाचा, ये तो रोज आता है."

"रोज येतो? अन् तुमी झोपता?"

"फिर वापस चला जाता है."

"कोनाले इचारून?"

मॅनेजरनं हात जोडले आणि काउंटरकडे वळला.  लोक हसत आत गेले. बिसनभाऊ मात्र ताट घेऊन व्हरांड्यात तसाच पहाऱ्यावर राहिला, आणि ते हसण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी पाणी उतरताना पाहिलं तेव्हा तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "या जागी मी अजून एक दिस नाई काढू शकत, बाई. इथून निघालो का सुटलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजानं ऐकलं नाही. "आता मले पान्यात जायचं हाये. तुमी या नाईतर नोका येऊ." तेव्हा ती दोरी निघाली. एक टोक त्यानं तिच्या कमरेला बांधलं, दुसरं आपल्या कमरेला, आणि कोरड्या वाळूत टाचा रोवून मागं झुकून उभा राहिला. गिरजा पोटरीभर पाण्यात गेली आणि लाट आली की हा दोरी खेचायचा.

"अजी सोडा ना! मी का म्हैस हाये?"

"म्हैस असती तं सोडली असती. म्हशीले पोहता येते!"

साऱ्या किनाऱ्याला फुकटचा तमाशा. पण गिरजा हसत होती हो. पोटावर एक हात, दुसरा हात हवेत, भिजलेलं लुगडं, आणि ते हसू! कितीतरी महिन्यांनी पाहिलं मी ते.

तिसऱ्या दिवशी आमची परतीची गाडी. मी पिशव्या बांधल्या. म्हटलं, बिसनभाऊ तर पहाटेपासूनच तयार असेल. पण तो खोलीत नव्हता. वाळूतही नव्हता. काउंटरशी गेले तर तिथं उभा, दुपट्टा हातात चुरगाळलेला, मॅनेजरशी बोलतोय.

"भैया, हमको रख लो. मी अंगन झाडतो, पानी भरतो, जाळे शिवतो. बायकोले एक खोली दे, लहानशी चालंन. आठ-पंधरा दिस. महिना."

मॅनेजर चक्रावला. "चाचा, आप तो बोल रहे थे, यहाँ एक दिन नहीं रुकेंगे?"

बिसनभाऊनं मान खाली घातली. काचेखाली ठेवलेल्या देवाच्या फोटोवर बोट फिरवत राहिला. मग आपल्या बोलीत, कोणाशीच नाही असं बोलला, "इथी आहो तवरी कोनी तिचं पोट फाडत नाई."

मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं. "क्या बोल रहे हैं?"

मी म्हटलं, "बोलते हैं, आपका होटल बहुत अच्छा है."

मॅनेजर खूश झाला. त्यानं आम्हाला चहा पाजला.

गिरजा माझ्यामागं कधी येऊन उभी राहिली, तिनं किती ऐकलं, मला ठाऊक नाही. चहा संपल्यावर तिनं सगळ्यात जड पिशवी बिसनभाऊच्या हातात दिली. "हे धरा. माह्यानं उचलत नाई." तिच्यानं उचलली गेली असती, मला माहीत आहे. पण हातात ओझं आलं तसा तो चालायला लागला. ती त्याच्या पुढं. स्टेशनपर्यंत तिनं एकदासुद्धा मागं वळून समुद्र पाहिला नाही.

ठरल्या तारखेला आम्ही नागपूरला हजर होतो. गोळा काढला. तो तपासायला गेला आहे, अजून काही कळलं नाही, कळलं की फोन करतो म्हणालेत. गिरजा घरी आली आहे, पडून असते. स्वयंपाक बिसनभाऊ करतो आणि मी चव घेऊन मीठ घालते. फोन वाजला की तो उठून अंगणात जातो. फोन मी उचलते.

गिरजाला समुद्राचं सांगायचं असतं. पण गावात आता कोणी ऐकायचं उरलं नाही, साऱ्यांना पाठ झालं आहे. तिला नवा माणूस पाहिजे, ज्याला लाट केवढी होती हे पहिल्यापासून सांगता येईल. आणि बिसनभाऊ तिथंच दारात बसून म्हणेल, "खोटी सांगून राह्यली, येवढी नव्हती." तेवढ्यापुरता तो बरा असतो.

म्हणून म्हणते, या वेळी तलावाचा फोटो काढून पुढं जाऊ नका. आमच्या घराकडे वळा. सोबत काही आणू नका. आणि लवकर या बाप्पा, तो फोन यायच्या आधी.