ग्रानादाची रंगीत तालीम

एका रविवारी सकाळी शेजारच्या टिपणीसकाकांनी मला स्पेनचा इमिग्रेशन ऑफिसर केलं. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध घेऊन परत येत होते. पाहते तर काकांच्या फ्रंट गार्डनमध्ये इस्त्रीचं टेबल उभं, आणि त्याच्यापुढे शैलाकाकू, मुलगा अमेय, सून रीना आणि दहा वर्षांची नात तारा चाकांच्या बॅगा घेऊन रांगेत. काकांनी माझ्या हातातली दुधाची बाटली काढून घेतली आणि मला टेबलामागे उभं केलं.

"प्रश्न विचार," ते म्हणाले. "आणि हसू नकोस. तुझा चेहरा मुळातच संशयी आहे, तो वापर."

प्रश्न मला शोधावे लागले नाहीत. माझ्या भारतीय पासपोर्टाला इतक्या विमानतळांवर इतकं खोदून खोदून विचारलं गेलंय की ती भूमिका मला तोंडपाठ होती. कशासाठी आलात, कुठे उतरणार, परतीचं तिकीट दाखवा. शैलाकाकू गडबडल्या आणि "अमेयला विचारा, त्याला सगळं माहितीय" असं चक्क मराठीत म्हणाल्या. काकांनी टाळी वाजवली आणि शांतपणे म्हणाले, "पुन्हा घ्या."

टिपणीस मंडळी तीन दिवस ग्रानादा बघायला जाणार होती ती ऑक्टोबरच्या हाफ टर्मच्या सुट्टीत. हा प्रसंग जूनमधला.

टिपणीसकाका आयुष्यात कुठलीही गोष्ट तालमीशिवाय करत नाहीत. मी नागपूरहून नोकरीसाठी इकडे विलायतेत आले आणि एजवेअरच्या या घरात राहायला लागले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून कौन्सिलच्या कचऱ्याच्या डब्यांची तालीम करून घेतली होती. कुठल्या आठवड्यात कुठला डबा, हँडल कुठल्या बाजूला, रिकामा डबा आत कधी घ्यायचा. मला वाटलं इथला कायदाच असेल, म्हणून मी निमूटपणे डबे ढकलले. काकूंचा गुडघा दुखायला लागला तेव्हा जीपीकडे जायच्या आदल्या दिवशी काका स्वतः डॉक्टर होऊन बसले. त्याचा परिणाम असा झाला की प्रत्यक्ष दवाखान्यात काकूंनी आपलं दुखणं कुठेही न अडखळता, योग्य जागी थांबत, इतक्या सफाईनं सांगितलं की डॉक्टरांना ते खरं वाटेना.

या सगळ्याचं मूळ नाटकात आहे. काकांनी नोकरी केली एका विमा कंपनीत, पण ती बिचारी मधल्या वेळात. खरं काम म्हणजे इथल्या मराठी मंडळाचं नाटक. दरवर्षी एक नाटक बसवायचं, दोन-तीन महिने तालमी करायच्या आणि एका शाळेच्या हॉलमध्ये एकच प्रयोग करून मोकळं व्हायचं. तालमी काकांच्याच घरी. त्यासाठी त्यांनी पुढच्या आणि मागच्या खोलीमधली भिंत पाडून घेतली. पुढे माणसं म्हातारी झाली, पांगली, मंडळ भारतातून तयार नाटकं आणायला लागलं आणि इथली नाटकं बंद पडली. भिंत मात्र गेली ती गेलीच. थंडीत ती खोली तापायला दुपार उजाडते, हे काकू अजून ऐकवतात.

नाटक गेलं तरी दिग्दर्शक जागच्या जागी राहिला. आपण बोलत असतो आणि काका आपल्याला खांद्याला धरून हलवत असतात. "खिडकीत नको उभी राहूस, तिथे तू कुणाला दिसत नाहीस." चहा आणणाऱ्यानं कपाकडे बघायचं नाही, निरोप घेणाऱ्यानं दाराशी रेंगाळायचं नाही. जरा कुठे चुकलं की "पुन्हा घ्या". एकदा बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी बाहेर पाठवून परत बेल वाजवायला लावली होती. तो भला माणूस होता, त्यानं वाजवली.

ग्रानादाची कल्पना अमेयची. अमेय इथेच जन्मलेला, स्लाऊला एका टेक कंपनीत काम करतो आणि राहतोही तिथेच. स्लाऊ काही परमुलखात नाही. पण ताराचं स्विमिंग, रीनाच्या शिफ्ट, अमेयचे कॉल यांत ती तिघं इकडे उगवायची ती गणपतीला आणि दिवाळीला, आणि तेव्हाही अंगातले कोट न काढता जेवून जातील की काय असं वाटायचं. काकू पंधरा दिवस आधीपासून करंज्यांच्या गोष्टी करायच्या आणि करंज्या डब्यात घालून मंडळी तासाभरात गाडीत बसायची. अमेयला ते कळत नव्हतं असं नाही. म्हणून तर त्यानं सुचवलं, की आपण सगळे मिळून तीन दिवस कुठेतरी जाऊ, मी सगळं बुक करतो, तुम्ही फक्त या. "तुम्ही फक्त या" हे वाक्य टिपणीसकाकांना उभ्या आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं.

त्यांनी आठवडाभर ग्रानादाचा अभ्यास केला. त्यात त्यांना कळलं की तिथल्या टेकडीवरच्या अल्हाम्ब्रा नावाच्या जुन्या किल्ल्यात जे आतले महाल आहेत, तिथे तिकिटावर छापलेल्या वेळेलाच आत घेतात, आणि हातात पासपोर्ट लागतो. उशीर झाला की तिकीट वाया. हे मला सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. "म्हणजे एंट्री आहे," ते म्हणाले. "एंट्री चुकली तर सगळा प्रयोग गेला." लगेच अमेयला फोन गेला की तालमीशिवाय हे जमणार नाही, रविवारी सगळे इकडे या.

आणि ती आली. माझ्या रविवारच्या झोपेचं वाटोळं झालं ते तिथून.

भिंत पाडलेल्या खोलीत जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या एकामागे एक लावून विमान तयार झालं. कुणी कुठे बसायचं, काकूंना पाय कुठे लांब करता येईल, बॅग वर कोण ठेवणार, सगळं ठरलं. माझ्याकडे स्पेनमधली समस्त जनता आली. मी बसचा ड्रायव्हर झाले, हॉटेलची मालकीण झाले, वेटर झाले. वेटर म्हणून माझं काम एकच, कितीही नाही म्हटलं तरी काकूंच्या पुढे डुकराचं मांस आणून ठेवायचं, म्हणजे प्रत्यक्षात ब्रेडची स्लाइस. काकूंनी मग ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, असं ठणकावून सांगायचं. काकू एकदा वैतागून म्हणाल्या की त्यापेक्षा मी आपली थालीपीठं करून नेते. काकांनी डोळे मिटले. "शैला, थालीपीठ संहितेत नाही," ते म्हणाले. तारा प्रॉम्प्टर होती. ती पडद्यामागे, म्हणजे खरोखरच खिडकीच्या पडद्यामागे, उभी राहून आजीला स्पॅनिश पुरवायची आणि आजीइतकीच खूश असायची.

चढणीची तालीम हॅरोला व्हायची. अल्हाम्ब्रा टेकडीवर आहे आणि हॅरोचं चर्चही टेकडीवर आहे, काकांना एवढं साम्य पुरलं. आम्ही बसनं जायचो, मी पुढे जाऊन चर्चच्या फाटकाशी तिकीट तपासनीस म्हणून उभी राहायची आणि ही वरात खालून वर यायची. काका घड्याळ बघत सगळ्यांच्या पुढे. पण मी वरून बघायची ना, म्हणून मला दिसायचं. वाटेतलं प्रत्येक बाक त्यांनी आधीच हेरून ठेवलं होतं, आणि बाक आलं की ते मोठ्यांदा जाहीर करायचे की मला बुटाची नाडी बांधायची आहे. ते नाडी बांधत असेपर्यंत काकू बसायच्या. काकांच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

सुरुवातीला अमेय एका कानाला फोन लावूनच टेकडी चढायचा. "बाबा, धिस इज मॅड," असं दर रविवारी एकदा तरी म्हणायचा. पुढे पुढे त्याचा फोन खिशात गेला आणि आईची बॅग त्याच्या हातात आली. तालीम संपली की पूर्वीसारखी गाडीत बसायची घाई होईना. जेवण व्हायचं, मग पत्ते निघायचे, रीना काकूंकडून भाजणी शिकायला बसायची आणि तारा त्या विमानातल्या खुर्च्यांवर आडवी होऊन झोपायची. काका मधोमध बसून सगळ्यांना सूचना द्यायचे. त्या कुणी पाळत नव्हतं, आणि काकांचं त्याकडे लक्षही नव्हतं. मला तेव्हा काका फार आवडायचे. झोपमोड झाली तरीही.

सप्टेंबर संपत आला तेव्हा अमेयनं जाहीर केलं की आता बास. "बाबा, वुई आर रेडी. आता डायरेक्ट एअरपोर्टलाच भेटू." काकांनी वाद घातला नाही. फक्त एक रंगीत तालीम होऊ दे म्हणाले, सगळं सामान आणि प्रवासातल्या कपड्यांसकट. ती झाली, आणि दुर्दैवानं निर्दोष झाली. बस वेळेवर आली, काकू एक बाक गाळून वर आल्या, ताराला एकही शब्द पुरवावा लागला नाही. चर्चच्या फाटकाशी मी हात पुढे करून पासपोर्ट मागितले; ते सगळ्यांचे काकांकडे होते.

काकांनी खिसे चाचपले. पँटचे, शर्टाचे, जॅकेटचे बाहेरचे. मग म्हणाले, "घरी राहिले."

हा माणूस छत्री विसरत नाही, चष्मा विसरत नाही, दुसऱ्याचा वाढदिवस विसरत नाही. मी त्यांच्या समोरच उभी होते. त्यांच्या तपकिरी जॅकेटचं बटण उघडं होतं आणि आतल्या खिशातून पाच पासपोर्टांच्या निळ्या कडा मला स्वच्छ दिसत होत्या. माझी नजर कुठे आहे ते त्यांना कळलं. इतकी वर्षं लोकांकडून अभिनय करून घेणाऱ्या त्या माणसाला त्या क्षणी स्वतःला काही करता येईना.

मी माझा संशयी चेहरा केला आणि म्हटलं, "पासपोर्टशिवाय प्रवेश नाही."

"ऐकलंत?" काका मागे वळून म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता. "पुन्हा घ्यावं लागणार. पुढच्या रविवारी." अमेयनं कपाळावर हात मारला, पण पुढच्या रविवारी तो आला.

ग्रानादा उत्तम झालं. ताराच्या सांगण्यावरून, महालात ते ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी पोचले आणि उन्हात उभे राहिले. काकूंनी ‘सिन कार्ने’ म्हटल्यावर वेटर आपला "ओके" म्हणून निघून गेला, तेव्हा त्या थोड्या हिरमुसल्या. एका बिचाऱ्या जपानी माणसाला फोटो काढायला सांगून काकांनी त्याच्याकडून तो इतक्या वेळा पुन्हा घेतला की शेवटी त्यानंच यांना नीट कसं उभं राहायचं ते सांगितलं. हे ऐकून मी पोट धरून हसले.

ते परत आल्यानंतरच्या रविवारी मला हवं तेवढं झोपायला मिळालं, आणि झोप काही लागली नाही. शेवटी उठले आणि काकांकडे गेले. काकू स्वयंपाकघरात होत्या. काका खोलीत एकटेच विमानाच्या खुर्च्या उचलून जेवणाच्या टेबलाकडे लावत होते. मी हात लावला.

"प्रयोग छान झाला म्हणे," मी म्हटलं.

"प्रयोग छानच होतो," ते म्हणाले. "मला प्रयोगाचा दिवस कधी आवडला नाही बघ. तालीम असली की माणसं आपणहून येतात. चहा पितात, भांडतात, उशिरापर्यंत बसतात. प्रयोग झाला की हार घालतात आणि जातात ती पुढच्या नाटकापर्यंत. आता तर पुढचं नाटकही नाही." मग खुर्चीवरची धूळ हातानंच पुसत म्हणाले, "हिला घर फार मोठं वाटायला लागलंय." काकूंचं नाव पुढे करून त्यांनी हे सांगितलं, पण ते कुणाला वाटत होतं हे मला कळलं.

तेवढ्यात बेल वाजली. काका जागचे हलले नाहीत. "अमेय असेल," म्हणाले. "विमानतळावर सगळ्यांचे पासपोर्ट मी गोळा केले होते, ते माझ्याकडेच राहिले. चुकून. ताराचा शाळेच्या फ्रान्स ट्रिपला लागणार आहे म्हणे. मी म्हटलं, सापडत नाहीयेत, येऊन शोधा."

दार मी उघडलं. अमेय, रीना आणि तारा आत आली. तारा सरळ आजीकडे पळाली, रीना तिच्यामागे गेली. अमेय कोट काढून दाराजवळच्या खुंटीकडे वळला आणि थांबला. तिथे काकांचं तपकिरी जॅकेट टांगलेलं होतं, अस्तर बाहेर आणि आतला खिसा वर, आणि त्या खिशातून निळ्या कडा डोकावत होत्या. त्यानं ते पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

मग त्यानं आपला जाड कोट त्या जॅकेटवर टांगला, खिसा पुरता झाकला जाईल असा नीट ओढून घेतला आणि आत गेला.

"बाबा, कुठे कुठे शोधलं तुम्ही?" त्यानं विचारलं.

"सगळीकडे," काका म्हणाले. "आधी जेवून घ्या, मग बघू."

"घाई नाहीये," अमेय एक खुर्ची ओढून बसला. "आज नाही मिळाले तर नेक्स्ट संडेला पुन्हा घेऊ."