विजूआत्याचा ओला रुमाल

आमच्या घराण्यात मुलगी दाखवायचा कार्यक्रम ठरला, की पोहे भिजवायच्या आधी एक बंदोबस्त करावा लागे. विजूआत्याला कळू द्यायचं नाही. तिला कळायचंच. पाहुणे टेकतात न टेकतात तोच आत्या इंदिरानगरहून रिक्षानं हजर व्हायची, पर्समधून ओला रुमाल काढायची आणि मुलीचं तोंड सगळ्यांदेखत खसाखसा पुसायची. "आता बघा," पाहुण्यांना सांगायची, "नंतर तक्रार नको."

हे "नंतर तक्रार नको" तिच्या तोंडी बसलेलं होतं. तिच्याकडे जेवायला गेलं की पहिला घास उचलायच्या आत, "आमटीत मीठ कमी आहे, आधीच सांगते." जुनी मोपेड विकायला काढली, तेव्हा गिऱ्हाइकाला तिनं ब्रेकची अशी काही कुंडली ऐकवली की तो हात जोडून चालता झाला. मोपेड शेवटपर्यंत आत्याकडेच राहिली.

माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळी आई वैतागली. "अहो वन्सं, जरा पावडर लावली तर काय बिघडतं?"

आत्या पुसतच राहिली. मग आईच ओशाळली, कारण काय बिघडतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आत्या सावळी. चांगली तुकतुकीत सावळी. पण आजीला धीर कुठला! दाखवताना तिनं आत्याला पावडरचे थर दिले. देवळाली कॅम्पच्या स्थळानं पसंत केली. लग्नातही तोच लेप. दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला आत्या न्हाऊन, स्वच्छ तोंडानं पाटावर बसली, आणि सासू म्हणाली, "ही आम्ही पाहिलेली मुलगी नव्हे." शेजारच्या पाटावरचा नवरा मान वर करीना. त्याचा मला अजून राग येतो. थोड्याच दिवसांत आत्या माहेरी आली ती कायमची. पुढं टायपिंग शिकली, नोकरी धरली, इंदिरानगरात छोटा ब्लॉक घेऊन एकटी राहू लागली.

दोन हजार साल उजाडल्यावर माझी पाळी आली. मी मरून रंगाची लिपस्टिक लावून बसले होते. आत्या रुमाल उगारून आली. मी तिचं मनगट धरलं.

"आत्या, ही पुसायची नाही. मला आवडते म्हणून लावलीय. कॉलेजलाही लावून जाते."

"आवडते? कुणाला?"

"मला."

"आणि या लोकांसाठी?"

"हे लोक आज आलेत. मी केव्हाची लावतेय."

आत्याचा रुमाल खाली आला. असंही कुणी लावतं, हे तिच्या गावीच नव्हतं. तिनं रुमालाची घडी केली, पर्समध्ये ठेवली. मात्र बाहेर जाऊन पाहुण्यांना सांगून आलीच, "लिपस्टिक लावलीय हं. रंगाखालचे ओठ साधेच आहेत. नंतर तक्रार नको." मुलगा हसला. तेच आमचे हे.

सासरी निघताना सगळे रडत होते आणि आत्या माझ्या कानाला लागून विचारत होती, "तो रंग कुठला गं? आपलं सहज विचारते."

दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी न कळवता तिच्याकडे गेले. बेल वाजवली. आत टीव्ही चालू, पण आत्या दार उघडेना. उघडलं तेव्हा तिचं तोंड ओलं होतं, हातात रुमाल होता आणि रुमालावर मरून डाग.

"कुणी येणार होतं का?" मी विचारलं.

"छे गं. माझ्याकडे कोण येतंय? कुणी येणार नसतं म्हणून तर लावते. बेल वाजली, पुसली." मग चोरी पकडल्यासारखी हसली. "बरी दिसते गं मी. आरशात तरी."

इतकी वर्षं आमची तोंडं पुसायला धावणारी ही बाई, हौस म्हणून ओठ रंगवायची ते घर रिकामं असताना. मी चपला परत पायात घातल्या.

"मी जिन्यात बसते. तू लाव परत. मग दार उघड."

"वेडी आहेस का?" म्हणत तिनं दार लोटलं. मी पायरीवर बसले. आतला टीव्ही बंद झाला. कपाटाचं दार वाजलं.

बऱ्याच वेळानं दाराआडून आत्याचा आवाज आला, "मंजू, आहेस ना गं? गेली नाहीस ना?"