खाली बसू देत नाहीत

अनुस्वारकाकांनी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. उत्तर लिहायचं, तर आधी घाबरणं थांबायला हवं होतं.

छापखान्यात मुद्रितं तपासण्यात काकांची हयात गेली, टोपणनावही तिथलंच. ते निवृत्त झाल्यावर दूध डेअरीत व्यवस्थापक असलेल्या जावयाने त्यांच्याकडून गिऱ्हाइकांसाठी माहितीपत्रक लिहून घेतलं. काकांनी चार जाडजूड पुस्तकं पालथी घालून लिहिलं : ‘दूध पचताना प्रथिनांचे बारीक तुकडे होतात, ते पेप्टाइड. त्यांतले काही कॅल्शियमला धरून ठेवतात, खाली बसू देत नाहीत. त्यामुळे शोषण वाढते.’

आठवड्यात पॅकिंग विभागातल्या बायकांचं पत्र आलं : ‘आम्हालाही आठ तास धरून ठेवतात, खाली बसू देत नाहीत. त्यामुळे शोषण वाढते, हे आपण छापलंत. आभारी आहोत. आतली बातमी कुणी दिली, तेवढं कळवा.’

काकांनी पत्र शब्दकोशात दडवलं आणि कोशावर उशी ठेवली.

उत्तर येईना, तेव्हा बायकांनी त्या ओळी हातभर अक्षरांत डेअरीच्या फाटकावर लावल्या. जावई धापा टाकत आला.

“बाबा, काय लिहून ठेवलंत! परवापासून काम बंद म्हणतायत. मालक मला घरी बसवतील!”

“जावईबापू, शोषण म्हणजे ते शोषण नव्हे हो. अंगात मुरणं...”

“मग सोपं करून लिहा ना!”

काकांनी घाईघाईने शुद्धिपत्र काढलं : ‘“शोषण वाढते” याऐवजी “जास्त शोषून घेतले जाते” असे वाचावे.’

संध्याकाळी जावई परत हजर. “आता त्या म्हणतात, पहिल्यांदा जरा लाजून लिहिलं होतं, आता उघड लिहिलं!”

काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. “जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात. स्वतःची एक निघाली, ती डेअरी बंद पाडणारी!”

“बाबा, त्यांचा तुमच्यावरच विश्वास आहे,” जावई काकुळतीला आला. “हे फक्त कॅल्शियमबद्दल आहे, डेअरीत सगळं ठीक आहे, एवढं लिहून द्या.”

“मूळ प्रतीशी ताडून न बघता कसं लिहू?” काका पुटपुटले. आयुष्यात त्यांनी तसं कधी केलं नव्हतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी ते पॅकिंग विभागात गेले. पट्ट्यावरून पिशव्या धावत होत्या आणि ओळीने उभ्या असलेल्या बायका त्या क्रेटमध्ये भरत होत्या. अर्ध्या तासात काकांचे गुडघे बोलू लागले.

“जरा टेकायला मिळेल का कुठे?”

“काका,” एक बाई हात न थांबवता म्हणाली, “इथे कॅल्शियमलासुद्धा बसू देत नाहीत!”

सगळा विभाग खो खो हसला. काका कानापर्यंत लाल झाले, आणि घरी येऊन एका बैठकीत त्यांनी उत्तर लिहिलं :

‘त्या ओळी कॅल्शियमविषयीच होत्या. मात्र आपल्या विभागाशी ताडून पाहता त्यांत दुरुस्ती सुचत नाही. वीस स्टुलं आणल्यास पुढच्या आवृत्तीत अवश्य बदल करू. प्रत : मालक.’

“वीस स्टुलांत जावयाची नोकरी वाचली, तर स्वस्तात सुटलो म्हणायचं,” काकू म्हणाल्या. “टाका जाऊन. आता पुन्हा वाचत बसू नका!”

काकांनी डोळे मिटून दोन्ही पाकिटं टपालपेटीत सोडली. आत धप्प आवाज झाला आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

‘स्टुलं’मधला ‘टु’ ऱ्हस्व की दीर्घ?