आमेनच्या आधी वर गेलेला ट्रेलर

या, जरा सरकून जवळ बसा. मागे टेकून बसलेल्या त्या मावशींनाही पुढे घ्या. ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, आणि हळू सांगितली तर हसू दाबता येत नाही. गोष्ट आहे अमेरिकेतल्या अलाबामातल्या, चर्चची कामं बघणाऱ्या डीकन अल्विन ट्रूइटची आणि एका प्रार्थनेची. ती प्रार्थना वेळेवर संपली असती तर मला आज सांगायला काही उरलंच नसतं.

दर उन्हाळ्यात त्यांच्या गावाबाहेर पाइनच्या रानात आठवडाभर छावणी-सभा भरते; लोक तंबू ठोकून राहतात आणि प्रवचनं ऐकतात. संध्याकाळी पाळक प्रवचनाला उभे राहतात. आधी साधं बोलतात, मग बोलता बोलता शब्दांना चाल लागते, आणि शेवटी प्रवचन कुठे संपलं नि गाणं कुठे सुरू झालं हे सांगता येत नाही. ज्याने ते ऐकलं नाही, त्याचे कान नुसते चष्मा अडकवायला! अल्विनच्या आईचा, झेनोबियाबाईंचा, सगळा जीव त्या गाण्यात. पण गुडघे थकले होते. तंबूत जमिनीवरून उठवेना, आणि लांबच्या लॉजवर उतरावं तर ऐन रंगात उठून निघावं लागे.

यंदा त्यांनी लेकाला स्पष्ट सांगितलं, "अल्विन, शेवटचं आमेन मला बिछान्यात पडल्या पडल्या ऐकू येणार असेल तर ने. नाहीतर मी घरीच बरी. पुढच्या वर्षीचा मला भरवसा नाही."

अल्विनने चेहरा हसराच ठेवला. "आई, मी तुला ट्रेलर घेतो, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. साधं, स्वस्तातलं, पण पक्कं. मला कोणी फसवू शकत नाही. ट्रेलर म्हणजे कलिंगड. टिचकी मारली की कळतं."

"मागचं कलिंगड आतून पांढरं निघालं होतं," त्याची बायको व्हर्नीस म्हणाली.

"ते कलिंगड होतं."

हिवाळाभर त्याने फोनवर ट्रेलर पारखण्याचे व्हिडिओ पाहिले होते. सभा तोंडावर आली तेव्हा शनिवारी, गाण्याची तालीम संपल्यावर, त्याने चर्चची व्हॅन थेट ट्रेलरच्या दुकानाकडे वळवली. व्हॅनमध्ये आई आणि व्हर्नीस होत्याच, शिवाय अख्खा गायकवृंद होता. त्यांना घरी कोण सोडणार?

विकायला उभा होता क्लेटन नावाचा लाजरा, सज्जन तरुण. अल्विनने पहिल्या ट्रेलरमध्ये पाऊल टाकलं आणि दाराजवळ टाच दाबली. जमीन उकडलेल्या रताळ्यासारखी आत गेली.

"ओल मुरलीय," अल्विन म्हणाला.

"गालिचा मऊ आहे, साहेब."

"गालिचा कुठाय?"

क्लेटनने खाली पाहिलं. गालिचा नव्हता.

दुसऱ्या ट्रेलरवर अल्विनने छतावर नळी सोडायला लावली. पाणी आत, थेट शेगडीवर ठिबकलं. "बघ, शेगडीला नळ फुकट," व्हर्नीस म्हणाली. गायकवृंद खिदळला. अल्विनची छाती फुगत चालली होती.

तिसरा मात्र गुणी निघाला. अल्विनने कपाटांत डोकं घालून वास घेतला, छताचे सांधे बोटाने चाचपले, टायरांची जन्मतारीख वाचली, खण ओढले, ढकलले. कुठे खोट नाही. आणि नेमकं तिथेच त्याचं धैर्य खचलं. दोष सापडले की नाही म्हणणं सोपं असतं. हो म्हणायचं तर आईची एक रात्रही ओल्या गादीवर जाता कामा नये.

झेनोबियाबाई मागच्या पलंगावर आडव्या होऊन बघत होत्या. त्या आतूनच म्हणाल्या, "पोरा, इतका घोळ कसला? मंडळी बरोबर आहे. हात ठेवून प्रार्थना करा आणि ठरवा."

झालं. सगळा गायकवृंद आत शिरला आणि मागच्या पलंगाभोवती दाटीवाटीने उभा राहिला. भिंतीवर हात, छतावर हात. अल्विन मात्र बाहेर पुढच्या टोकाला, गाडीला जोडायच्या लोखंडी दांड्यावर चढून गॅसच्या टाकीचा पट्टा तपासत होता. तिथेच त्याने डोळे मिटले.

क्लेटन धावत आला. हातात मागचे टेकू खाली करायचा दांडा होता; चाकं मधोमध, टेकू नसले तर मागे वजन पडताच पुढचं टोक उठतं. "जरा थांबा, मागचे टेकू अजून..." पण आतून आवाज आला, "हे स्वर्गीय पित्या..."

आता काय करणार? अलाबामात वाढलेला मुलगा प्रार्थनेत मध्ये बोलेल? त्याने टोपी काढली, मान खाली घातली आणि आमेनची वाट बघत उभा राहिला.

आमेन येईना. एकाने छताला आशीर्वाद मागितला, दुसऱ्याने चाकांना. तिसऱ्या भगिनीने आपल्या जावयाची नोकरीही त्यातच घातली. ट्रेलरची पुढची बाजू दोन-दोन बोटं वर उठताना क्लेटनला दिसत होती. तो ओठ हलवत होता. तो ट्रेलरसाठी प्रार्थना करत नव्हता, आमेनसाठी करत होता. मग कोणीतरी सूर लावला, सगळ्यांनी पायाने ठेका धरला, आणि ट्रेलरचं पुढचं टोक अल्विनसकट आकाशाकडे निघालं.

अल्विनने डोळे उघडले तेव्हा दुकानाचं छप्पर त्याच्या डोळ्यांसमोर होतं. त्याने टाकीला मिठी मारली.

"अल्विन," खालून व्हर्नीस म्हणाली, "एलिया संदेष्ट्याला स्वर्गात न्यायला अग्निरथ आला होता. तू गॅसच्या टाकीवर निघालास?"

"आई कशी आहे ते बघ आधी!"

आत सगळा गायकवृंद घसरून गादीवर साचला होता. गाणं मध्येच तुटलं. मग कोपऱ्यातून झेनोबियाबाईंचा आवाज आला, "मी बरी आहे. पाठ इतकी छान कधी टेकलीच नव्हती. थांबलात का? कडवं पुरं करा."

त्यांनी कडवं पुरं केलं, एक पट्टी वरून. मग आमेन. त्यासरशी क्लेटनने उडी मारून पुढचा लोखंडी दांडा पकडला आणि लोंबकळत ओरडला, "एकेक जण पुढे या, सावकाश!" एकेक गायक रांगत पुढे आला, तसतसा अल्विन पृथ्वीवर परतला.

खाली उतरताच त्याने दार लावून पाहिलं. खट्ट करून लागलं. काचा शाबूत. खण जागच्या जागी. एकही सांधा उकललेला नाही. फक्त मागच्या बम्परला पोचा.

क्लेटन डोळे विस्फारून बघत होता. "साहेब, एवढं सोसेल असं मलाही वाटलं नव्हतं."

"बेटा, याला म्हणतात पारख," अल्विन म्हणाला, आणि पिछाडीला पोचा असलेला तो ट्रेलर त्याने विजयी सेनापतीसारखा घरी नेला.

छावणी-सभेच्या पहिल्याच संध्याकाळी पाळकांचं प्रवचन गाऊ लागलं, सगळं रान उत्तर देऊ लागलं, आणि शेवटच्या आमेनला एका उघड्या खिडकीतून एक म्हातारा, तृप्त आमेन येऊन मिळाला. अल्विनने डोळे पुसले. मग जमलेल्यांना तो आपण ट्रेलर कसा तपासला ते रंगवून सांगू लागला.

"त्याने कसला तपासलाय," खिडकीतून झेनोबियाबाई म्हणाल्या. "ट्रेलरनेच त्याला उचलून पाहिलं आणि हलका निघाला म्हणून खाली ठेवलं. चला, हात जोडा. त्या क्लेटनचं नाव घ्या. सगळं डोळ्यांदेखत घडत असताना पोरगं प्रार्थनेत बोललं नाही."

तर मंडळी, तुम्हीही हात जोडाल तेव्हा त्या क्लेटनची आठवण ठेवा. आणि तेवढं आमेन जरा लवकर म्हणा. बाहेर कोण दांडा घेऊन ताटकळत असेल, सांगता येत नाही.