वीस किलो वांग्यायचं कमिशन

पुऱ्या रिसोडात मले उल्लू बनवनारा अजून पैदा झाला नाही, हे तुमाले पहिलेच सांगून ठेवतो! मी रंगराव भाजीवाला. चाळिशी उलटली, दोन दाढा पडल्या, पन आंगातला टिंगलीचा किडा काही मेला नाही. त्या किड्यानं एकदा आख्खी बँक हालवली, त्याची ही गोठ.

माहा शेजारी इंद्रभान. त्याचा मोठा भाऊ शेषराव तिकडं कुवेतले वेल्डर. त्याची चिठ्ठी आली, "ऐंशी दिनारचा ड्राफ पाठवून राह्यलो. दोन हजार चारशे रुपये होतीन. घरावर टिना टाका." ड्राफ इंद्रभानच्या नावानं, कारण शेषरावच्या बायकोनं, लिलाबाई वयनीनं, बँकेची पायरी कधी चढली नव्हती. इंद्रभाननं पैसे आनले, वयनीच्या हातावर ठेवले. वयनीनं मोजले. पुन्हा मोजले. एकशे बत्तीस कमी!

"भाऊजी, बाकीचे कुठी गेले?"

"बँकेनं एवढेच देल्ले, वयनी!"

"बँक का बकरी हाये, दिसलं ते खायले?"

झालं! त्या दिवसापासून इंद्रभानचं जेवन बंद. वरून वयनीची तंबी, "इतवारपर्यंत हिशेब दाखवा, नाही तं सोमवारी कुवेतले चिठ्ठी जाते का तुमच्या भावानं पैसे खाल्ले!"

इंद्रभान माह्यापाशी येऊन रडकुंडीले आला. "रंगभाऊ, भावानं मले बापावानी वाढवलं. त्याले हे खरं वाटलं तं मी कोन्या तोंडानं त्याच्यासमोर उभा राहू?"

दुःख खरं होतं, पन जेवाले पठ्ठ्या कुठी? माह्या घरी! अन् हमालानं ट्रकात पोते टाकावं तश्या भाकरी आत टाके! माही बायको हौसाबाई माह्याकडं अशी पाहे, का मीच त्याचे एकशे बत्तीस खाल्ले.

"घाबरू नको लेका!" मी म्हनलं. "बँकेचं पोट फाडून पैसे दाखवतो!"

गेलो बँकेत. मॅनेजर आगाशे साहेब, पुन्याकडचे, नवीनच आलेले. बोलनं कसं, आत्ताच इस्त्री केल्यावानी!

"नियमाप्रमाणे चार्जेस वजा झालेत," साहेब म्हनले.

"कोनते जी?"

"कमिशन, टपाल, मधल्या बँकेचा आकार, विनिमय दरातला फरक... तुम्हाला नाही समजायचं ते."

"समजून पाहू ना!"

"आज वेळ नाही. शनिवारी अकोल्याहून मोठे साहेब येताहेत. अरे हो, तुम्ही भाजीवाले ना? त्यांना रोडगे आणि वांग्याची भाजी खायचीय. वीस किलो वांगी बंगल्यावर पोचवा."

वीस किलो! माह्या आंगातला किडा खडबडून उठून बसला!

शनिवारी वीस किलो वांगे तोडले, बैलगाडीत टाकले. नऊ किलोचं पोतं बंगल्याच्या भिंतीमागं गाडीपाशी ठेवलं, इंद्रभानले राखनीले बसवलं अन् अकरा किलो घेऊन आत गेलो. अंगनात गोवऱ्यायचा विस्तू लाल झालेला, कनकेचे रोडगे भाजून राह्यले, मोठे साहेब आरामखुर्चीत. आगाशे साहेबायनं वांगे तोलले.

"हे अकराच किलो आहे!"

"बराबर हाये साहेब. वीस निंघाले, अकरा पोचले."

"म्हणजे?"

"दोन किलो माहं कमिशन. एक किलो टपाल, म्हनजे गाडी हाकनं. दोन किलो मधल्या मानसाचे."

"मधला माणूस कोण?"

"आमचा उत्तमराव. त्याच्या दारावरून माल गेला का हात मारल्याबिगर सोडत नाही."

"आणि राहिलेले चार किलो?"

"तो तं दरातला फरक! माह्या मळ्यातला किलो अन् तुमच्या बंगल्यातला किलो एक नसते जी. रोज पालटते. तुमाले नाही समजायचं ते!"

साहेबायचं तोंड वांग्याच्या रंगाचं झालं. "चोर! सरळ सांगा ना, तुम्ही खाल्लीत वांगी!"

"वा साहेब! लिलाबाई वयनी इंद्रभानले हेच म्हनून राह्यली, तं ती कुठी चुकली?" अन् मी सारी रामकहानी मोठ्या साहेबाच्या पुढ्यात ओतली.

मोठे साहेब एवढे हासले, का आरामखुर्ची करकरली! "आगाशे, जेवण झालं की स्वतः जा आणि त्या बाईंना नीट समजावून सांगा!"

जितलो! छाती फुगवून मी हाक मारली, "इंद्रभान! आन बे बाकीचे वांगे!"

इंद्रभान आला. हातात रिकामं पोतं.

"रंगभाऊ... मी बिडी पेटवाले गेलो होतो. बैलायनं खाल्ले."

"हा कोणता चार्ज?" मोठ्या साहेबायनं इचारलं.

नऊ किलोचे पैसे गेले. हिशेबाच्या भानगडीत बाकीचे अकरा किलो बी चुलीवर चढले नाही; मोठे साहेब अकोल्याहून वांग्याची भाजी खायले आले अन् रोडगे वरनासंग खाऊन गेले!

संध्याकाळी आगाशे साहेब खरंच लिलाबाईच्या अंगनात आले. गल्ली जमा झाली, हौसाबाई सर्वायच्या समोर. साहेबायनं बोटावर मोजत सांगितलं. शेषरावनं दिनार तीस रुपयानं धरला, बँकेनं एकोनतीसनं घेतला, ऐंशी रुपये तिथंच गेले. मुंबईच्या बँकेचे वीस, इथले वीस, टपाल अन् तारेचे बारा.

"मंग हे पहिलेच काहून नाही सांगत?" वयनी म्हनली. "भिंतीवर पाटी लावा ना! घरात भांडनं लावता काय?"

साहेब चष्मा पुसत बसले. वयनीच्या कपाळावरची आठी काही जाईना. मी मधात उडी मारली.

"वयनी, सोपं हाये! मी बाजारात पन्नासाची भाजी इकतो, घरी चाळीस आनतो. दहा कुठी जाते? अडत, हमाली, तोलाई! मी खातो काय?"

सारी गल्ली हो हो म्हनली. वयनीचे डोळे भरून आले. "भाऊजी, चुकलं माहं. बसा, भाकर वाढते. पुढच्या ड्राफले मीच येईन बँकेत." इंद्रभान ताटावर असा बसला, जसा शेषरावच घरी आला!

मी मिशीवर हात फिरवला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"साहेब, थांबा जरासे!" हौसाबाई! "तुमी शिकलेले मानूस. पन्नासावर अडत किती होते जी?"

आगाशे साहेब जसे याच्याचसाठी थांबले होते! "शेकडा सहा धरली तर तीन रुपये."

"हमाली?"

"एक रुपया!" इंद्रभान भाकर चावत बोलला. बेइमान!

"अन् तोलाई?"

"आठ आने, हौसावयनी!" पुन्हा तोच.

"म्हनजे साडेचार," साहेब म्हनले. "साडेपाच उरतात."

सारी गल्ली माह्याकडं पाहून राह्यली. मले एकदम बैलायले पानी पाजाचं आठोलं.

आता बाजारात पैशाच्या पेटीवर हौसाबाई बसते अन् मी पोते उचलतो. एक वेळ तिले हमाली मांगून पाह्यली होती. पुन्हा नाही मांगितली.