बोरकरकाकांची लोकर

मोहन नगरच्या बोरकरकाकांनी मला पाच वर्षं फसवलं. मी पावर हाउसच्या बाजारात शून्यातून दुकान उभं केलं. भले भले ठोक व्यापारी मला गंडवू शकले नाहीत. अंगणात गालिचे धुणाऱ्या या म्हाताऱ्यानं गंडवलं.

काका स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. गालिचा आला की आधी त्याचा एक धागा उपटतात, काडीनं जाळतात आणि हुंगतात. केस जळल्याचा वास आला तर लोकर. कागदाचा आला तर सूत नाहीतर ज्यूट. वितळून गोटी झाली तर प्लास्टिक. मग उपचार सांगतात. "लोकर म्हंजे म्हातारा मानूस. थंड पानी, रिठा, सावली. ज्यूटले पानी दाखवूच नका, निस्तं झटका. सतरंजी आपली घरची हाय, आपटा तिले."

एका बाईंनी लोकरीवर कपड्याची पावडर टाकली होती. त्यांना काकांनी शांतपणे विचारलं, "बाई, तुमी डोकं बी यानंच धुता काय?"

माझा गालिचा मी एका फेरीवाल्याशी दोन तास घासाघीस करून घेतलेला. काकांनी पाठमोरं होऊन धागा जाळला आणि म्हणाले, "शुद्ध लोकर हाय, भाऊ. घरी धुवाचा नाई. दर दोन महिन्यानं घेऊन येत जा."

मी फुगलो. गल्लीभर सांगत सुटलो. पाच वर्षं तो गालिचा डोक्यावरून नेत राहिलो. दर खेपेला चहा, प्लांटमधल्या शिफ्टच्या गोष्टी आणि "बसा ना भाऊ, पानी निथरू द्या."

यंदा पोळ्याला पूजा करताना अगरबत्तीचा निखारा गालिच्यावर पडला. पाहतो तर तिथं काळी, टणक गोटी. गालिचा गुंडाळला आणि तडक काकांकडे गेलो.

"काका, हे काय होय?"

"प्लास्टिक."

"तुमाले मालूम होतं?"

"पयल्याच दिवशी."

"मंग लोकर कावून सांगतलं?"

काकांनी बंदच असलेला नळ पुन्हा घट्ट केला. "प्लास्टिक म्हनलो असतो तं तुमी घरीच पाइपानं धुतला असता. मंग इकडं कायले आले असते?"

भांडायला गेलो होतो, गालिचा धुवायला टाकून आलो. सावलीतच वाळवा म्हणून बजावलंसुद्धा.

पण फसवणूक ती फसवणूक. फेरीवाल्याला मी माफ केलं. काकांचा मुलगा रायपूरला राहतो, तासाभराच्या वाटेवर. पाच वर्षांत त्या अंगणात तो मला एकदाही दिसला नाही. त्यानं माझ्या दुकानात यावं आणि माझ्यासमोर उभं राहून सांगावं, त्याच्या बापावर प्लास्टिकला लोकर म्हणायची पाळी का आली.